मूळ प्रत कोणाची? करोल बाग, घरगुती कॉम्प्युटर आणि मराठी विज्ञानकथा

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी लहानपणीच्या व्हिडिओ गेमांवर लेख लिहिला होता. करोल बागेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, काळा-पांढरा पोर्टेबल टीव्ही, कॅसेटच्या तोंडात मारलेली फुंकर, पहिल्या डावावरून भावाशी झालेली भांडणे, टीव्ही तापला म्हणून आईने मधूनच बंद केलेला खेळ, असे सगळे त्यात होते. लेख लोकांना आवडला. पुण्याचे, नागपूरचे, अगदी न्यू जर्सीचे वाचक ‘आमच्याही घरी अस्सेच होते’ म्हणून कळवू लागले. लेखाच्या शेवटी एक वाक्य होते: ‘आम्हां सगळ्या मुलांचा तो सोनेरी काळ होता.’

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तेव्हा सोने-चांदी गाळण्याचे दुकान होते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यांतलेच हे एक कुटुंब. मालकाचा भाचा तेराव्या वर्षी विट्याजवळच्या गावाहून भट्टीवर कामाला आला. माझ्याहून तो दोन वर्षांनी लहान. आज त्याच भागात त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि आमचे येणे-जाणेही आहे. मी तो लेख त्याला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, “ताई, लई झ्याक लिवलंय. पर सगळ्या पोरांचा म्हंजे कुणाकुणाचा?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या लेखात नव्हते. मग ते इतरांच्या लेखनात आहे का, हे मी पाहू लागले. जुने कॉम्प्युटर, जुने खेळ आणि जुनी विज्ञानकथा यांच्या आठवणींचा आज मोठा व्यवहार चालतो. कादंबऱ्या, मालिका आणि चित्रपट त्यावर उभे आहेत. मराठीत तो अजून लेखांपुरता आहे, पण त्याचा साचा मात्र ठरून गेला आहे. त्या साच्यात काय बसते आणि काय बसत नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दोन ग्रीक शब्द जोडून घडवला. एकाचा अर्थ घरी परतणे, दुसऱ्याचा वेदना. घरापासून दूर राहिलेल्या स्विस माणसांच्या आजाराचे ते नाव होते. मराठीत त्याला आपण दोन प्रतिशब्द वापरतो. ‘स्मरणरंजन’ हा अधिक रुळलेला. त्यात स्मरण आले, रंजन आले, पण वेदना गळली आणि घरी परतणेही गळले. ‘गतकातरता’ हा दुसरा शब्द. त्यात कातर होणे आहे, कातरवेळेसारखी हुरहूर आहे. बोलताना आपण हे दोन शब्द अदलून-बदलून वापरतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या वृत्तींची नावे आहेत, असे मला वाटते. स्मरणरंजनाला आपली आठवण बरोबर आहे याची खात्री असते. गतकातरतेला ती नसते.

स्वेतलाना बॉइम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) या ग्रंथात असाच एक भेद केला आहे. हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे बांधू पाहणारी आठवण एक, आणि ते परत मिळणार नाही हे जाणून त्या अंतराकडेच पाहत राहणारी आठवण दुसरी. आपल्या दोन शब्दांवर हा भेद तंतोतंत बसवायची गरज नाही. मात्र जुन्या यंत्रांविषयीचे लेखन वाचताना तो हाताशी असावा.

अर्नेस्ट क्लाइन यांची ‘रेडी प्लेयर वन’ (२०११) ही कादंबरी पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण. काळ २०४५ चा. एक अब्जाधीश खेळकर्ता मरताना आपली सारी संपत्ती एका कोड्यात लपवून जातो, आणि ते कोडे सुटते ते १९८० च्या दशकातले खेळ, चित्रपट, गाणी ज्याला मुखोद्गत आहेत त्यालाच. नायक गरीब आहे, कंटेनरसारख्या घरांच्या उतरंडीत राहतो. पण त्याची गरिबी कोड्याच्या आड येत नाही, कारण या जगात आठवण हीच मालमत्ता आहे आणि पाठांतर हाच तिचा वारसा-दाखला. कोणता खेळ कोणी केला, कुठल्या साली, कुठल्या यंत्रासाठी, हे ज्याला अचूक सांगता येईल तो वारस. कादंबरी वेगवान आहे, पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना मला अस्वस्थ करते. भूतकाळ एकच आहे, त्याची मूळ प्रत एकच आहे, आणि ती ज्याने नीट घोकली त्याचेच भले होणार, असे ती मानते.

‘ब्लॅक मिरर’ मालिकेतला ‘बँडरस्नॅच’ (२०१८) हा चित्रपट अधिक प्रामाणिक आहे. इंग्लंड, १९८४. एक तरुण आपल्या खोलीत बसून स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर खेळ रचतो आहे. पुढे काय घडावे हे प्रेक्षकाने निवडायचे. पण कितीही वेळा मागे जाऊन वेगळी निवड केली तरी त्या मुलाचे दुःख, आईच्या मृत्यूचा त्याच्यावरचा भार, उतरत नाही. इथे जुन्या यंत्राची रबरी बटणे आणि कॅसेटचा कर्कश आवाज रंजनासाठी वापरले आहेतच, तरी मागे जाण्याची हौस माणसाला कुठे नेते हेही दाखवले आहे. मात्र हा मुलगाही आपल्या घरात, आपल्या खोलीत, आपल्या यंत्रासमोर बसलेला आहे. यंत्र कोणाचे, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

२

तो प्रश्न आपल्याकडे उद्भवतो. स्पेक्ट्रम हे यंत्र इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती निघाली. ती काढणारी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी पुण्याची, आणि यंत्राचे नाव डीबी स्पेक्ट्रम. म्हणजे घरगुती कॉम्प्युटरच्या भारतीय इतिहासातले एक पान मराठी मुलखातच लिहिले गेले. पण मराठी साहित्यात या पानाची नोंद शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही.

पुण्यात माझ्या मामाकडे ते यंत्र होते. मेच्या सुटीत आम्ही दिल्लीहून जायचो तेव्हा मामेभावाच्या मर्जीने त्याला हात लावायला मिळे. टेपरेकॉर्डरला जोडलेली कॅसेट किंचाळत राही, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत, आणि चार-पाच मिनिटांनी खेळ सुरू होई किंवा होत नसे. या यंत्रात वापरणाऱ्याला स्वतःची एकवीस चिन्हे घडवता येत. आठ बाय आठ चौकटींतले कोणते ठिपके पेटवायचे हे आकड्यांत सांगायचे. मामेभावाने वहीच्या चौकटींत शिसपेन्सिलीने ‘अ’ काढला, ओळ-ओळ मोजून आकडे भरले, आणि पडद्यावर एक ठेंगणा ‘अ’ उमटला. जे यंत्र फक्त इंग्रजी बोलत होते त्याने मराठीतले एक अक्षर काढले. दिवाळी अंकातल्या लेखात मी हा प्रसंग घातला होता आणि तो खोटा नाही. पण ते यंत्र माझे नव्हते, आणि ‘आमच्या घरात आलेला पहिला कॉम्प्युटर’ असे मी जे लिहिले ते यंत्र तर हे नव्हतेच.

त्याच सुमाराला १९८९ साली दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ ही आनंद महेंद्रू दिग्दर्शित मालिका लागत असे. घरी कॉम्प्युटर जुळवणारा मुलगा, त्या यंत्रात शिरलेली परग्रहावरची शक्ती आणि मग मित्रांसह काळप्रवास, अशी तिची कल्पना. पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेला करण जोहर त्यात बालकलाकार होता, म्हणून ती आज अधिक आठवली जाते. आपल्या पिढीच्या डोक्यात ‘घरातला कॉम्प्युटर’ या शब्दांबरोबर जे चित्र येते ते बरेचसे या मालिकेतून आलेले असावे. मुलाची स्वतंत्र खोली, टेबल, आणि त्यावर मुलाने स्वतः जुळवलेले यंत्र. करोल बागेत आमच्या ओळखीच्या एकाही घरात मुलांना अशी खोली नव्हती. आम्हांला ती मालिका आवडे, पण ती आमच्याविषयी आहे असे आम्हांला तेव्हा वाटले नव्हते. तीस वर्षांनी लेख लिहिताना मात्र मी ती खोली उसनी घेतली.

३

आमच्या घरी जे आले ते गफ्फार मार्केटमधून आले, आणि तेही भाड्याने.

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी करोल बागेचा व्यापार उभा केला. खान अब्दुल गफ्फार खान यांचे नाव असलेला बाजार परदेशी मालासाठी प्रसिद्ध व्हावा, हा एक विचित्र योग. घड्याळे, अत्तरे, टेपरेकॉर्डर, पुढे व्हिडिओ गेम आणि आता मोबाइल, असा त्याचा प्रवास. हा बाजार का फोफावला हे समजायला एक आकडा पुरे. १९९५ च्या सुरुवातीला सेगा या जपानी कंपनीने मेगा ड्राइव्ह हे यंत्र भारतात आणण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. ८० टक्के आयातशुल्कातून वाट काढण्यासाठी हा करार होता. तरीही यंत्राची किंमत पडली १८,००० रुपये. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांना ती रक्कम परग्रहावरची वाटली असती. अधिकृत दार इतके उंच असेल तर माणसे बाजूच्या गल्लीतून आत शिरतात. गफ्फार ही ती गल्ली होती.

निन्टेंडो या कंपनीने १९८३ साली जपानात जे खेळयंत्र काढले त्याचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते. त्याच्या तैवानी आणि चिनी नकला नाना नावांनी भारतात आल्या. काहींना टंकलेखनाच्या यंत्रासारखा कीबोर्ड असे आणि ‘मुलांना कॉम्प्युटर शिकवा’ असे सांगून त्या विकल्या जात. वडील त्यालाच फसले, किंवा फसल्यासारखे दाखवून आम्हांला खेळू दिले. शनिवारी संध्याकाळी अनामत भरून यंत्र आणायचे, सोमवारी सकाळी परत करायचे. सोमवार हा करोल बागेचा सुटीचा वार, पण मागल्या गल्लीतले ते दुकान अर्धे शटर उघडे ठेवी. ‘आमच्या घरात आलेला पहिला कॉम्प्युटर’ तो हा. तो आला तसा गेला. दर आठवड्याला येणारे यंत्र तेच असेल याचीही खात्री नव्हती.

आणि ती कॅसेट! तिच्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. पडद्यावर खरोखरच खेळांची न संपणारी यादी सरकत जाई. पण दहा-बारा खेळांनंतर तेच खेळ वेगळ्या नावांनी, वेगळ्या पातळीपासून सुरू होत. एकात तीन जिवांऐवजी तीस जीव मिळत, दुसऱ्यात बंदूक आधीच ताकदवान असे. मूळ कंपनीचे नाव आणि साल अनेकदा पुसलेले. ‘कॉन्ट्रा’ हा खेळ कोनामी या कंपनीचा, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. आमच्यासाठी त्या खेळाला कर्ताच नव्हता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही स्थिती ओळखीची वाटायला हवी. मुद्रण येण्यापूर्वी आपले वाङ्मय असेच फिरत होते. नकलकाराने पोथी उतरवून घ्यायची, उतरवताना कुठे ओवी गळायची, कुठे नवी शिरायची, आणि गावोगावच्या बाडांत पाठभेद साठायचे. तुकोबांच्या नावावर किती अभंग खरे, हा वाद अजून संपलेला नाही. गफ्फारच्या कॅसेटवरचा खेळही असाच पाठभेदांचा खेळ होता. भावाच्या मित्राच्या कॅसेटमधला ‘कॉन्ट्रा’ आमच्या कॅसेटमधल्यापेक्षा वेगळा होता आणि दोघांनाही आपलाच खरा वाटे. ‘रेडी प्लेयर वन’च्या परीक्षेत आम्ही दोघेही नापास झालो असतो.

माझ्या लेखात यातले काय आले होते? फुंकर आली होती, तीस जीव आले होते. पण भाडे आले नव्हते, अनामत आली नव्हती, पुसलेले नाव आले नव्हते. म्हणजे बाजार गाळून मी फक्त खेळ ठेवला होता. मराठीतले या विषयावरचे बहुतेक स्मरणलेख वाचताना हाच अनुभव येतो. यंत्र आभाळातून घरात पडते आणि आपण लहान होतो म्हणून ते सुंदर असते. मुलींच्या वाट्याला त्यातले काय आले, हेही सहसा लिहिले जात नाही. मागल्या गल्लीतल्या त्या दुकानात बसून खेळायची सोय होती, रुपयाला दहा मिनिटे. मी तिथे एकदाही बसले नाही. कोणी मनाई केली नव्हती. तिथे मुली बसत नाहीत, हे मला माहीत होते एवढेच.

४

मग या काळातली मराठी विज्ञानकथा काय करत होती? ती तर या यंत्रांच्या सगळ्यांत जवळ असायला हवी होती.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आद्याक्षरे उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात. आपल्या नावाचे वजन बाजूला ठेवून कथा जोखली जावी, अशी त्यांची इच्छा होती. मराठी विज्ञानकथेच्या आधुनिक पर्वातली एक महत्त्वाची कथा अशी खरे नाव झाकून आली. पुढे ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा संग्रह, मग ‘वामन परत न आला’ (१९८६) आणि ‘व्हायरस’ (१९९६) या कादंबऱ्या. घरगुती यंत्रे मराठी घरांत शिरली तेच हे दशक. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले तेव्हा मी या दोन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचायला काढल्या.

‘वामन परत न आला’मध्ये उत्खननात एका लुप्त प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. नाव पुराणातले, आणि पुराणातल्यासारखेच हे बटू रूप वाढत जाणारे. वामनला आपल्यासारखे आणखी वामन घडवता आले तर काय, ही कादंबरीतली खरी भीती आहे. जुनी संस्कृती अशाच यंत्रांपायी संपली, हे हळूहळू उलगडते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी चर्चा चालते तिचे कितीतरी मुद्दे या लहानशा कादंबरीत आधीच आलेले आहेत. दहा वर्षांनी आलेल्या ‘व्हायरस’चा धोका नावातच आहे. स्वतःच्या प्रती काढत पसरणारी गोष्ट म्हणजे व्हायरस.

दोन्ही कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दोन्हींत संकटाचे नाव ‘प्रत’ हेच आहे. मूळ एक असावे, ते जबाबदार माणसांच्या ताब्यात असावे, त्याच्या प्रती सुटल्या की अनर्थ, असा त्यांचा सूर आहे. प्रयोगशाळेत बसून पाहिले तर ही भीती रास्त आहे. पण ज्या वर्षांत या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्याच वर्षांत गफ्फार मार्केटमध्ये प्रत हाच यंत्राचा एकमेव मार्ग होता. मूळ आमच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही. आमच्या बालपणात जे काही भविष्य आले ते नक्कल होऊन, नाव पुसून, आयातशुल्क चुकवून आले.

नारळीकरांनी गफ्फार मार्केटवर लिहायला हवे होते, असे मला म्हणायचे नाही. लेखक आपल्याला ठाऊक असलेल्या जगाविषयी लिहितो, आणि संशोधनसंस्थांचे जग त्यांच्याइतक्या आतून मराठीत कोणी आणले नव्हते. माझी तक्रार त्यांच्या मागून आलेल्यांविषयी आणि आम्हां वाचकांविषयी आहे. त्यांनी आखलेली प्रयोगशाळेची भिंत आपण विज्ञानकथेची सीमा मानली. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला ‘इट हॅपन्ड टुमारो’ (१९९३) हा भारतीय विज्ञानकथांचा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने दिल्लीतूनच काढला, म्हणजे मराठी विज्ञानकथेची दिल्लीला ओळख होतीच. दिल्लीची ओळख मात्र मराठी विज्ञानकथेला झाली नाही. मंत्रालये आणि परिषदा यांच्या पलीकडे एक दिल्ली आहे. तिथे मराठी माणूस सोने गाळतो, आणि त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे मोबाइलचे आतडे उघडून बसलेला मुलगा भिंगातून तारा जोडतो. हेही तंत्रज्ञानच आहे, आणि याचेही भविष्य असते.

५

नारळीकरांच्याच एका कथेत मात्र मला हवे होते ते सापडले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी इंग्रजीतून, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत पानिपतच्या विचारात असताना अपघाताने एका वेगळ्याच वास्तवात जातात. तिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. मराठी मनाच्या लाडक्या ‘असे झाले असते तर’ला लेखकाने होकार दिला आहे. स्मरणरंजनाची याहून मोठी मेजवानी कोणती? पण कथा मेजवानी देत नाही. पंत ग्रंथालयात बसून आपल्याच इतिहासग्रंथाचा बदललेला खंड वाचतात, मग आझाद मैदानावर एका सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. आयुष्यभर अध्यक्षपदे भूषवलेले पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. त्या जगात सभेला अध्यक्ष ठेवण्याची प्रथाच उरलेली नाही. लोक खवळतात, अंडी-टोमॅटो फेकतात, आणि पंत त्या गर्दीत दिसेनासे होतात.

ही कथा सहसा विज्ञानातल्या शक्यता समजावणारी म्हणून शिकवली जाते. मला ती आठवणीविषयीची कथा वाटते. भूतकाळात परत जाणाऱ्याला तिथे आपली खुर्ची राखून ठेवलेली आहे असे वाटते. त्या सभेत आधीपासून बसलेली माणसे असतात, आणि त्यांना आपल्या अध्यक्षपदाची गरज नसते. ‘आम्हां सगळ्या मुलांचा सोनेरी काळ’ असे लिहिताना मी त्याच खुर्चीवर जाऊन बसले होते. फरक एवढाच की मला टोमॅटो न मारता कोणीतरी सभ्यपणे विचारले, कुणाकुणाचा?

६

त्याच्याकडे मी पुन्हा गेले तेव्हा या लेखाची टिपणे माझ्याकडे तयार होती. मी त्याला विचारले, तुला त्या खेळांतले काय आठवते? त्याने आधी धंद्याचे सांगितले. जुने कॉम्प्युटर भंगारात जाऊ लागल्यावर त्यांच्या पट्ट्या गाळणीसाठी येऊ लागल्या. कडेच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो. “असतंय नावाला. सोनं कमी आन् धूर जादा,” तो म्हणाला. त्याने ते काम घेतले नाही. ते यमुनेपलीकडे सीलमपूर, मंडोलीकडे गेले. तिथे आग आणि तेजाब यांच्या साहाय्याने जुन्या यंत्रांतून तांबे-सोने काढणाऱ्यांच्या फुफ्फुसांत काय जाते, याविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले आहे. आपल्या स्मरणलेखांतली लाडकी यंत्रे शेवटी जातात ती तिथे. त्या लेखांत हा शेवट कधी येत नाही.

मग तो खेळांविषयी बोलला. मागल्या गल्लीतल्या दुकानात सोमवारी जायचा, पण पैसे क्वचितच असायचे. उभा राहून बघायचा. कोणता शत्रू कुठून उडी मारणार हे बघून-बघून पाठ झाले होते, आणि खेळणाऱ्याला आधी सांगितले की कधी शाबासकी मिळायची, कधी टप्पल. “मी खेळलो कमी, बघितलं जादा.” आणि मग तो म्हणाला, “शनवारी रातच्याला मी दुकानातच झोपायचो न्हवं का. वरनं तुमच्या गेमचं म्युझिक ऐकू यायचं. त्यावरनं तुमी कितव्या पातळीवर मेलासा, ते मला खाली कळायचं.”

मला हे माहीत नव्हते. त्या फरशीखाली कोणी झोपलेले आहे, हे माहीत होते; तो ऐकतो आहे, हे माहीत नव्हते. आमचा सारा खेळ त्याच्याकडे फक्त आवाज होऊन पोहोचत होता, आणि त्या आवाजातून तो आपला खेळ मनात रचत होता. जपानी यंत्राची नक्कल तैवानी, तिची आमच्या घरातली आवृत्ती भाड्याची, आणि तिचीही एक प्रत तळमजल्यावर, भट्टी विझल्यानंतरच्या अंधारात, असे मी क्षणभर मनात मांडून पाहिले. पण ही मांडणीही चुकीची आहे. त्याची आठवण माझ्या आठवणीची प्रत नाही. ती स्वतंत्र आहे, आणि विज्ञानकथेच्या दृष्टीने पाहिले तर माझ्या आठवणीहून अधिक समृद्ध आहे. न दिसणाऱ्या जगाचे संकेत ऐकून ते जग कसे असेल याचा अंदाज बांधणे, हेच तर ती कथा करत असते.

मराठीत या विषयावर पुढे जे लिहिले जाईल त्याच्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. यंत्राचे नाव आणि साल अचूक असावे, ते बरेच. पण ते यंत्र कोणाचे होते, कितीला आले, किती वेळासाठी आले आणि खोलीबाहेर कोण उभे होते, हेही त्यात यावे. स्मरणरंजन तेवढ्याने नासणार नाही. झालेच तर ते थोडे कातर होईल.

दिवाळी अंकातला तो लेख कधी पुस्तकात घेतला तर शेवटचे वाक्य मी बदलणार आहे. त्याला विचारले, काय लिहू? त्याने थोडा विचार केला. “लिवा की, शनवारी वर गेम चालायचा,” तो म्हणाला. “खाली ऐकू यायचा.”